पाटीवरचा शब्द

जबल अख्दर,
रविवार, १४ एप्रिल २०१९

प्रिय हारिब,

अस्सलामु अलैकुम. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझ्या रय्यावहिनीचा गुडघा थंडीत धरला होता, ऊन तापायला लागल्यावर सुटला. झुवैनाला सलाम सांग, मुलांना आशीर्वाद. सोहारच्या दमट हवेत तुझा खोकला कसा आहे ते लिही. मागच्या वेळी लिहिलं नव्हतंस.

तुझं पत्र गॅसच्या टाक्या आणणाऱ्याने मंगळवारी आणून दिलं. त्यात एक टोमणा आहे आणि एक प्रश्न. टोमणा असा, की नऊ वर्षांत कट्ट्यावर बसून कॉफी विकण्यापलीकडे मी केलं काय. प्रश्न असा, की खालच्या गावातल्या तुझ्या घराला आणि उतारावरच्या सात वाफ्यांना कुणी गिऱ्हाईक आलं का. पोराच्या, नासिरच्या, घराचं बांधकाम छताशी अडलंय, मिळेल त्या भावाला देऊन टाक, मुखत्यारपत्र तुझ्याकडेच आहे, असं तू लिहितोस. दोन्हींची उत्तरं देतो, पण माझ्या क्रमाने. फोनवर तू मध्ये बोलतोस, मग मी मध्ये बोलतो, आणि चौथ्या मिनिटाला दोघांतला एक फोन ठेवतो. कागदावर तेवढी तरी सोय आहे.

आधी टोमणा. कुणाच्याही हाताखाली न शिकता या दोन हातांनी केलेल्या गोष्टी अशा. कट्ट्याचा कठडा, एकोणचाळीस हात लांब, कंबरेइतका उंच. वाळून पडलेल्या जुनिपरची चौदा बाकं. जिवंत झाडाला कुऱ्हाड लावलेली नाही, सरकारी माणूस दोनदा येऊन बघून गेला. कॉफीची चूल, वारा कुठूनही आला तरी धूर गिऱ्हाइकाच्या तोंडावर जाणार नाही अशी. कट्ट्यापासून घळीत उतरणाऱ्या पायऱ्या, तीनशे बारा. तू गेलास तेव्हा एकशे नव्वद होत्या आणि पुढे घसरगुंडी होती. धाकट्या नातवाचा पाळणा, करकरत नाही. आईच्या गुलाबपाण्याच्या भांड्याला नवा तांब्याचा तळ. चौथ्या वाफ्याचा दगडी गडगा, दोनदा. आणि पाटी.

पाटीपासून सुरू करतो, कारण आपलं तिथूनच बिघडलं.

२००६ साल. डांबरी रस्ता नुकताच वर आला होता आणि निझवाहून, मस्कतहून गाड्या यायला लागल्या होत्या. मी पत्र्याला पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, तिसरा दिला, आणि निळ्यात लिहायला घेतलं: निसर्गरम्य स्थळ. कॉफी, खजूर. अक्षरं मी तांदळाच्या पोत्यांवरून गिरवून शिकलो हे तुला माहीत आहे, पण त्या दिवशीची माझी अक्षरं निझवाच्या कुठल्याही रंगाऱ्याने मान खाली घालावी अशी उतरली होती. एवढ्यात तू डाळिंबाची टोपली खांद्यावर घेऊन खालून आलास. टोपली ठेवली, घाम पुसला, वाचलंस.

"दादा, चुकलं."

"कुठे? एक टिंब इकडचं तिकडे दाखव."

"टिंबं जागेवर आहेत. शब्द चुकलाय. चित्रमय लिही."

"दोन्ही एकच."

"एकच कसे? निसर्गरम्य म्हणजे हा कडा. आपण दोघं मेलो तरी असाच राहणार. पण लोक इथे उभे राहून बोट कुठे दाखवतात? खाली. माझ्या वाफ्यांकडे."

"तुझे कांदे बघायला मस्कतहून येतात होय रे? डोंगर आहे म्हणून येतात."

"मग फोटो डोंगराचा का नाही काढत?"

थानीकाका, आपल्या पाटाचे कारभारी, बाकावर वाटी धरून बसले होते. ते म्हणाले, "पोरांनो, मी कॉफी प्यायला आलोय, तुम्ही कोर्ट भरवलंत. दोन्ही शब्द लिहा की. पत्रा काय लहान आहे?"

मी दोन्ही लिहिले नाहीत. एकच लिहिला, माझा.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये नग्वाबाई आल्या. मूळच्या इजिप्तच्या, निझवाच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. गोऱ्या, ठेंगण्या, हसल्या की सगळी दरी ऐकणार. तू त्यांना खालून पाहिलं असशील, पण बोलला नाहीस. सकाळपासून दुपारपर्यंत त्या कठड्याशी बसून चित्र काढत होत्या. मी मागे उभा राहून बघत होतो, कारण काम कसं होतं ते मला बघावंच लागतं. त्यांनी कडा दोन फटकाऱ्यांत उरकला. मग तासभर तुझे वाफे, एकेक गडगा, तुझ्या घराच्या गुलाबपाण्याच्या भट्टीचा धूर, झुवैनाने दोरीवर टाकलेली हिरवी ओढणी. शेवटी तिसऱ्या वाफ्यात ब्रशच्या टोकाने एक पांढरा ठिपका ठेवला.

"हा कोण, मरहूनभाऊ? सकाळपासून वाकलेला आहे, एकदाही बसला नाही."

मी म्हणालो, "कुणी नाही. काम करणारा आहे."

हारिब, हे मी तेरा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, रय्यालाही नाही. माझा भाऊ आहे असं म्हणायला किती वेळ लागला असता? पण शब्दावरून तू मला थानीकाकांसमोर खोटं पाडलं होतंस आणि मला ते बोचत होतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण तू तुझ्या बाजूने सांगत असशील आणि मी माझ्या बाजूने सांगत आलो. २०१० ला पाटाचं पाणी तिसऱ्या हिश्श्यावर आलं. तुझी डाळिंबं झाडावरच तडकली. तू कट्ट्यावर येऊन म्हणालास, "दादा, गाड्यांच्या पैशातून पाटाच्या उगमाची गाळसफाई करू या. वाफे वाळले तर तुझा कट्टाही वाळेल." आणि मी, चूल पुसता पुसता, मान वर न करता म्हणालो, "तू नसलास तरी डोंगर दिसेलच."

तू भांडला नाहीस. कॉफी संपवलीस, वाटी पालथी घातलीस, आणि बाकावर दोनशे बैसे ठेवून गेलास. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्या कॉफीचे पैसे ठेवलेस. आठवड्याने झुवैना, मुलं, गाद्या, सगळं ट्रकमध्ये घालून तू सोहारला निघून गेलास टँकर चालवायला. मी कट्ट्यावरून ट्रक बघितला. हात केला नाही.

(इथे काल थांबलो होतो. सात गाड्या एकदम आल्या. आज पुन्हा लिहायला बसलोय.)

तू गेल्यावर डोंगर दिसतच होता. त्यात माझं खोटं ठरलं नाही. पहिल्या वर्षी वाफे पिवळे झाले, दुसऱ्या वर्षी दगडाच्या रंगाचे, तिसऱ्या वर्षी गडगे जिथे जिथे ढासळले तिथून माती ओघळून सगळे सात वाफे एकमेकांत मिसळले. लोक यायचे, "काय निसर्ग आहे!" म्हणायचे. पण मला एक फरक दिसला, आणि असले फरक मला दिसतातच: पूर्वी लोक कठड्यावर कोपरं टेकून दरीत बघत राहायचे, कॉफी गार व्हायची. आता दरीकडे पाठ करायचे, स्वतःचा फोटो काढायचे आणि जायचे.

२०१४ ला नग्वाबाई पुन्हा आल्या. नोकरी संपवून मन्सूराला, आपल्या गावी, परत निघाल्या होत्या, जायच्या आधी एकदा बघून जावं म्हणून. सोबत रंगांची पेटी होती. कठड्याशी बसल्या. पेटी उघडली नाही. पाटीकडे बघून म्हणाल्या, "मरहूनभाऊ, तुमची पाटी आता बरोबर झाली."

"आता म्हणजे? आठ वर्षं तीच आहे. रंगसुद्धा तोच, फक्त हात नवा दिलाय."

"हो, पण तेव्हा खोटी होती. तेव्हा इथे चित्र होतं. आता निसर्ग आहे. छान आहे हो, रागावू नका. देवाने केलं तसं आहे. पण मी नजर कुठे टेकवू? तेव्हा धूर होता, ओढणी होती, तो पांढरा ठिपका होता. तो तुमचा काम करणारा कुठे गेला?"

"तो माझा भाऊ होता."

बाईंनी हात तोंडावर नेला. "होता? अल्ला त्याला..."

"नाही, नाही. जिवंत आहे. सोहारला टँकर चालवतो."

"मग आहे म्हणा ना, माणसा! माझं काळीज थांबलं."

आणि हसल्या. जाताना ते जुनं चित्र मला देऊन गेल्या. तो ठिपका जवाच्या दाण्याएवढा आहे. मी मोजला.

तू सांगितलेलं आठ वर्षं पटलं नाही, आणि परक्या बाईने सांगितल्यावर एका दुपारी पटलं. याचा तुला राग येईल. यायलाच हवा.

दुसऱ्या दिवशी थानीकाकांकडे गेलो. तुला ठाऊक आहे, आपल्या पाटावर कुणाच्या पाण्याची पाळी सलग चार वर्षं कुणी घेतली नाही, तर ती पाटाच्या लिलावात जाते. मग वाफे नुसते दगड. तुझ्या पाळीचे सत्तावीस दिवस उरले होते.

काका म्हणाले, "त्याचं पाणी त्याच्या वाफ्यांत तू मोड, माझी हरकत नाही. पण रीत माहीत आहे ना? दारं मोडताना मालकाचं नाव घ्यायचं. मोठ्याने. नाव घेतलं नाहीस तर ते पाणी पाटाचं."

पायऱ्या उतरून खाली गेलो. चार वर्षं घरात तुझं नाव घेतलं नव्हतं, रय्याला तशी ताकीदच होती. फावडं उचललं, पाटाच्या तोंडाचा दगड हलवला.

पाटाच्या कडेला काका काठी टेकून उभे. "ऐकू आलं नाही. मी बहिरा झालो की तू मुका?"

मग ओरडलो. हारिब बिन सईदचं पाणी! एक शेळी दचकून खडकावरून उतरली. तेव्हापासून दर नवव्या दिवशी तुझं नाव या घळीत माझ्या तोंडून घेतलं जातं, पाच वर्षं, एकही पाळी चुकलेली नाही. ताप असताना रय्याच्या भावाला पाठवलं होतं, पण तो लाजाळू, पुटपुटला. काकांनी त्याला तीनदा ओरडायला लावलं.

आता चौथ्या वाफ्याचं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय, म्हणून भरभर लिहितो.

चौथ्याचा गडगा ढासळला होता. मी दोरी लावून, ओळंबा धरून नवा बांधला, आणि मजबूत व्हावा म्हणून सांधे सिमेंटने भरले. असा दिसत होता, की कट्ट्यावरची माणसं विचारायची, तो सरळ भिंतीचा वाफा कुणाचा? मला बरं वाटायचं. बाबा गडग्यात फटी ठेवायचे, आपण त्यात पाकोळ्यांच्या घरट्यांसाठी काड्या खुपसायचो, आठवतं? मला वाटायचं बाबांना सांधे भरता येत नव्हते. दोन हिवाळे भिंत टिकली. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये तीन दिवस पाऊस झाला, मागची माती पाणी प्यायली, पाण्याला वाट नाही. भिंतीने पोट काढलं. आणि संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर फुटली. पाचवा आणि सहावा सोबत घेऊन गेली.

चौथ्यात आईची गुलाबाची सात झुडपं होती, हारिब. एकही राहिलं नाही. चार वर्षं पाण्यावाचून तगून राहिलेली, पुन्हा पाणी मिळाल्यावर फुटलेली झुडपं माझ्या सरळ भिंतीने मारली.

पहाटे आई आपल्याला उठवायची, उन्हाआधी फुलं खुडायला हवीत म्हणून. मी मोजून खुडायचो, तू खायचास. एकदा फुलांच्या ढिगातच झोपलास. तुझ्या गालावर काटा रुतलेला, तोंडात पाकळी, आणि आई म्हणाली, "याला असाच भट्टीवर चढवा, चांगला अर्क निघेल." बाबा हसले होते. बाबा हसलेले मला तेवढेच आठवतात. त्या वेळी तो वाफा रम्य आहे की कसा आहे, हा प्रश्न आपल्याला पडला नव्हता. आपण त्याच्या आत होतो.

गडगा पुन्हा बांधला. कोरडा. चौदा महिने लागले. थानीकाका रोज वर उभे राहून सांगायचे, "ही फट बुजवू नकोस. अरे, ती पण नको. तुझ्या हाताला खाज आहे का?" त्रेपन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा कुणाच्या हाताखाली शिकलो. वर लिहिलेलं ते वाक्य तेवढं दुरुस्त करून वाच. रय्याच्या अंगणातलं झुडूप आईच्याच कलमाचं आहे. त्याची अकरा कलमं लावली, नऊ जगली. यंदा फुलली. तुझ्या घराचं छप्पर मातीने लिंपून घेतलंय, भट्टी चालू आहे, मार्चपासून एक्केचाळीस बाटल्या गुलाबपाणी निघालं. सहा सोबत पाठवतोय. रंग जरा गडद आहे, धुराची चव आहे, आईच्यासारखं नाही, पण बाजारातलंही नाही.

सातातले तीन वाफे हिरवे आहेत, चौथा अर्धा. पाटी अजून बदलली नाही. सातही झाल्याशिवाय मी खोटी पाटी लिहिणार नाही.

आता तुझा प्रश्न.

गिऱ्हाईक आलं. गेल्या रविवारी, सात तारखेला. मस्कतच्या हॉटेलवाल्यांचा माणूस, कड्याच्या पलीकडे त्यांचं बांधकाम चाललंय. सभ्य माणूस, कॉफी दोनदा घेतली, बाकांवरून हात फिरवून कारागीर कोण असं विचारलं. मग म्हणाला, "आमच्या खोल्यांच्या खिडक्या नेमक्या त्या वाफ्यांवर उघडतात. आम्ही काही बदलणार नाही, काका. घर तसंच. धूर रोज चार ते सहा, पाहुण्यांच्या चहाच्या वेळी. पांढरे कपडे घालून एक माणूस ठेवू, हातात कुदळ."

"तो काय करेल?"

"दिसेल."

"पाणी कुणाच्या नावाने मोडाल?"

"पंप बसवू."

"आणि घरात राहील कोण?"

तो जरा गोंधळला. "राहायला कशाला हवं कुणी?"

त्याला मी काय उत्तर दिलं, ते सहीबरोबर लिहितो. सहीखालचं बोलणं मला नंतर फिरवता येत नाही, म्हणून. मालकाला विचारून सांगा असं तो म्हणाला होता. मी म्हणालो, मी मोठा भाऊ आहे. हे म्हणायचा हक्क मला होता की नाही, ते मला माहीत नाही. डोंगर दिसेलच असं म्हणायचाही नव्हता.

नासिरचं छत अडलंय हे मी विसरलेलो नाही. पाकिटात दोन कागद आहेत. एक त्या माणसाचं कार्ड. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. दुसरं तुझं मुखत्यारपत्र, मूळ प्रत, ते तुला परत. तू फोन करून माझं उत्तर खोडू शकतोस. खोडलंस तर मी तक्रार करणार नाही, घराची किल्ली त्याला स्वतः नेऊन देईन. नाही खोडलंस, तर ईदनंतर माझी हत्यारं घेऊन सोहारला येतो आणि छत मी घालून देतो. सिमेंट कुठे घालायचं आणि कुठे नाही, ते आता मला कळतं.

परत ये असं मी लिहिणार नाही. तुझा संसार तिकडे रुजलाय. नुसती माहिती म्हणून कळवतो, की तुझ्या पाण्याची पुढची पाळी मंगळवारी, तेवीस तारखेला आहे, ऊन कड्याच्या खांद्यावर आलं की. थानीकाका आता ब्याऐंशीचे आहेत, तरी काठी घेऊन येतात.

झुवैनाला सांग, ओढणीच्या दोरीचे खिळे अजून भिंतीत आहेत.

तुझं घर, सात वाफे आणि पाण्याची पाळी यांचे रोख शहाऐंशी हजार रियाल, तुला न विचारता, तुझ्या वतीने नाकारणारा,

तुझा भाऊ,
मरहून बिन सईद